काळी चार

कॉलेजात मी एकवीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही वर्गात शिरलो नाही. शिरलो असतो तर हाकलून दिलं असतं. मी पेटी वाजवणारा. हुद्दा मात्र भारदस्त होता : ‘पदार्थविज्ञान विभाग, ध्वनिशाखा, मदतनीस’. त्याचं असं झालं, की सांगलीतल्या आमच्या कॉलेजात संगीतमंडळ काढायचं ठरलं, पण संगीताला माणूस नेमायची तरतूद मुंबईच्या विद्यापीठाच्या नियमांत कुठंच सापडेना. प्रिन्सिपॉलसाहेब हिकमती. त्यांनी नियमांची वही पहिल्या पानापासून वाचली आणि पेटी, तबला, तंबोरा ही ‘उपकरणं’ ठरवून टाकली. उपकरणं म्हटल्यावर ती प्रयोगशाळेची, आणि प्रयोगशाळेला मदतनीस ठेवता येतो. अशा रीतीनं नाटक कंपनीत उभी हयात घालवायला निघालेला मी, कंपनी बुडाल्यावर, काचेच्या नळ्या आणि लोहचुंबकांच्या शेजारी येऊन बसलो.

पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर भला माणूस, पण नियमाला पक्का. दर सहामाहीला ते एकाच ठरलेल्या सुरात वाजणारा पोलादी स्वरकाटा घेऊन यायचे, गुडघ्यावर आपटून पेटीच्या सुराशी ताडून बघायचे आणि वहीत ‘बरोबर’ असं लिहायचे. पहिल्या तपासणीत त्यांनी तबल्यापुढं शेरा मारला होता : ‘दोन्ही नगांचे आकार जुळत नाहीत. दुकानदाराकडून बदलून घ्यावेत.’ तबला आणि डग्गा हे नवरा-बायकोसारखे असतात, आकार जुळला तर बिघडलंच समजा, हे त्यांना पटवायला मला एक टर्म लागली.

हे सगळं लढाईच्या वर्षांतलं. साखर नाही, घासलेट नाही, कागद तर नाहीच. पण दर वर्षी स्नेहसंमेलन मात्र थाटात व्हायचं. जो गोंधळ सांगायला मी लेखणी उचलली आहे, तो अशाच एका संमेलनातला. त्याचं मूळ एका शब्दात आहे. शब्द ‘पट्टी’.

आमच्या धंद्यात न वावरलेल्यांसाठी दोन ओळी सांगतो. प्रत्येक गाणाऱ्याचा ‘सा’ निराळा. कुणाचा उंच, कुणाचा खाली. तो पेटीच्या ज्या पट्टीशी जुळतो, ती त्या माणसाची पट्टी. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधेमधे काळ्या. त्या डावीकडून मोजायच्या. म्हणून आम्ही म्हणतो, याची पांढरी एक, तिची काळी पाच. गाणाऱ्याची ओळख म्हणजे त्याची पट्टी. मला आजही माणसांची नावं आठवत नाहीत, पट्ट्या आठवतात.

त्या वर्षी कॉलेजात मुली जेमतेम नऊ, आणि गाणाऱ्या दोन. एक वकिलांची कुसुम. बंगला, मोटार, घरी गाणं शिकवायला मास्तर. दुसरी हौसा. ही साताऱ्याकडच्या एका खेड्यातली, बाप पलटणीतून पेन्शनवर आलेला जमादार. इथं मावशीकडं राहून शिकायची. गाणं शिकलेली नव्हतीच. मावशीच्या जात्यावर गाताना मी तिला रस्त्यावरून ऐकलं आणि सायकलवरून उतरलो. असा आवाज कंपनीत असताना मी दोनदाच ऐकला होता, आणि तोही बायकांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांचा. आठ महिने तिला शिकवलं. काळी चारवर तिचा आवाज असा उघडायचा, की खोलीतल्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. प्रोफेसर धावत येऊन नळ्या मोजायचे.

मुलींना रंगमंचावर उभं करायचं तर पालकांची लेखी संमती हवी. मी यादी करून हेडक्लार्क तात्यांना दिली. तीन रकाने : नाव, गाण्याचा प्रकार, पट्टी. हौसापुढं ‘काळी चार’, कुसुमपुढं ‘पांढरी पाच’. माझं काम संपलं.

तात्यांचं सुरू झालं. तात्या हे कॉलेजातले सर्वांत शुद्ध मराठी लिहिणारे गृहस्थ. दुसऱ्याच्या कागदात चूक सापडली नाही तर त्यांना जेवण जात नसे. पुढं मी जाब विचारला तेव्हा ते मलाच म्हणाले, “अहो मास्तर, पट्टी म्हणजे काय? फळ्याशेजारची? जखमेवरची? का पाणीपट्टी? मी म्हटलं, हा नाटकवाला माणूस, शब्द चुकलाय. रंगवाल्याला तोंडं रंगवायची तर कोण काळं, कोण गोरं हे आधी कळायला नको? आणि काळेपणाच्याही पायऱ्या असतातच की!”

म्हणून त्यांनी ‘पट्टी’ खोडून ‘वर्ण’ केलं. आणि कॉलेजच्या शिक्क्यानिशी, प्रिन्सिपॉलांच्या सहीनं, पत्रं रवाना झाली : ‘आपली कन्या कु. हौसा, वर्ण काळी (चार), हिची स्नेहसंमेलनात गायनासाठी निवड झाली आहे. हरकत असल्यास उलट टपाली कळवावे.’

कुसुमच्या घरी काय झालं ते आधी सांगतो. कुसुम चांगली सावळी होती आणि तिच्या आईला त्याचा घोर लागलेला. पत्रात ‘वर्ण पांढरी (पाच)’ वाचून माउलीला आनंदाचं भरतंच आलं. तिनं पत्र जपून ठेवलं आणि मुलगी बघायला येणाऱ्या प्रत्येकापुढं ठेवायला लागली. “आम्ही सांगून काय उपयोग? कॉलेजनं लेखी दिलंय.” पुढं कुसुमचं लग्न उत्तम ठिकाणी झालं. त्यात त्या शिक्क्याचा वाटा किती, हे वकीलसाहेबच जाणोत.

दुसरं पत्र गेलं खेड्यात. जमादाराला वाचता येत नव्हतं असं नाही, पण चष्मा फुटलेला, आणि लढाईच्या दिवसांत काच कुठली मिळायला! पोस्टमननं ते चावडीवर शाळामास्तरांकडून मोठ्यानं वाचवून घेतलं. पोरगी कॉलेजात शिकते म्हणून आधीच गावाचे कान टवकारलेले. त्यात नेमके त्या दिवशी शेजारच्या गावचे पाहुणे हौसाला मागणी घालायला आलेले, तेही ऐकायला बसलेले. पत्र संपल्यावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाहुणे चहा न घेता उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार प्रिन्सिपॉलांच्या खोलीत उभा. फेटा, कोटावर बिल्ले, मिशा ताठ. हातात पत्र, मागं मान खाली घातलेली हौसा. तिची पत्र्याची ट्रंक त्यानं मावशीकडून आधीच आणून व्हरांड्यात ठेवली होती. मला बोलावणं आलं.

“हरकत असली तर कळवा म्हणता? हाय हरकत!” जमादार गरजला. “मी लेक शिकाया धाडली, रंग तपासाया न्हाई. नाव काढा तिचं. आत्ताच्या आत्ता.”

प्रिन्सिपॉलसाहेबांनी पत्र वाचलं. सही त्यांचीच होती, ते पहिल्यांदाच वाचत होते. मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ‘माफ करा’ म्हणून मोकळा झालो. कशाबद्दल, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मी पेटी आणली. टेबलावर ठेवली. “जमादारसाहेब, हा रंग नव्हे, हा सूर. ही बघा, एक, दोन, तीन, ही चौथी काळी. हौसा, सा लाव बाळ.”

हौसा रडत होती. तरी तिनं डोळे पुसले आणि सूर लावला. भूपात आम्ही बसवलेली चीज तिनं चार ओळी म्हटली. काय सांगू तुम्हाला! बाहेर ओरडणारी पोरं गप्प झाली. जमादार आपोआप ताठ उभा राहिला, टाचा जुळवून. आपल्या पोरीचं गाणं त्या माणसानं तोवर ऐकलंच नव्हतं.

गाणं थांबल्यावर तो वाकून पेटीच्या पट्ट्या न्याहाळू लागला. मला वाटलं, जिंकलं.

“ती दुसरी पोरगी कोन, वकिलाची? तिची कंची?”

“पांढरी पाच,” मी म्हणालो. तोंडाला आवर घालायला हवा होता.

“व्हय?” त्याचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होता तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. “म्हंजी वकिलाच्या लेकीला पांढरी, आन् आमच्या लेकीला काळी. मास्तर, अठरा वर्सं पलटणीत काढली मी. बसऱ्याला गेलो, गोळी खाल्ली. पर गोऱ्याचा तंबू येगळा, काळ्याचा येगळा. त्येचं पानी येगळं, आमचं येगळं. आमी काळ्याच्या रांगंत उभं ऱ्हाऊन पेन्शनीवर आलो. आता पोरगी एवढं शिकून पुन्ना त्याच रांगंत? न्हाई जमायचं.”

पेटी बनवणाऱ्यानं रांग लावली नाही, हे खरं. पण तो जे बोलत होता तेही खोटं नव्हतं. मला त्याचा राग येईना, आणि त्यामुळं माझी जास्तच पंचाईत झाली.

शेवटी तो म्हणाला, “पांढरीत गाऊ दे, मग ऱ्हाऊ दे कॉलेजात. मी सोता पुढल्या खुर्चीत बसनार आन् बोटं बघनार. काळीला बोट लागलं, की ट्रंक उचलली.”

“हात्तिच्या! एवढंच ना?” प्रिन्सिपॉलसाहेब खुलले. आणि त्यांनी तिथल्या तिथं हुकूम काढला. तो मी पाठ केला होता : ‘यापुढे या महाविद्यालयातील कोणत्याही विद्यार्थिनीस काळी पट्टी देण्यात येऊ नये.’ खाली सही, तारीख, शिक्का. तात्यांनी त्यात एका वेलांटीची चूक काढली आणि कागद फायलीत गेला.

“साहेब, असं करता येत नाही,” मी म्हणालो. “तिचा आवाज काळी चारचाच आहे.”

“अर्ध्या सुराचा तर फरक, मास्तर. अर्ध्या सुरानं काय होतंय?”

“पायाला बारका जोडा घालून चालून बघा साहेब, काय होतंय ते,” असं मी मनात म्हणालो. तोंडानं म्हणालो, “बरं.” माझी नोकरी कच्ची होती आणि घरी खाणारी तोंडं सहा. ही सबब नव्हे, सांगून टाकतो एवढंच.

दोन दिवस प्रयत्न केला. पांढरी पाच म्हणजे अर्धा सूर खाली. तिथं तिचा आवाज उघडेचना, घशात बसून राही. पांढरी सहा म्हणजे अर्धा सूर वर, तिथं गाणं कमी आणि ओरडणंच जास्त. संमेलनाला मुंबईहून विद्यापीठाचे पाहुणे येणार होते, मोठे जाणकार म्हणे. तिथं पोरीचं हसं झालं असतं, आणि मग जमादारानं ट्रंक उचलायला काळीची वाट बघितली नसती. हौसाला सगळं कळत होतं.

“मास्तर, मी खाली बी गाते, वर बी गाते. घसा फुटला तरी चालंल,” ती म्हणाली. “पर मला परत जाऊ देऊ नगा. गावाकडं गेले की संपलं सगळं.”

त्या दुपारी मी घरी जाऊन माझी स्वतःची पेटी उघडली.

ही पेटी कंपनी बुडाली तेव्हा मालकांनी मला दिलेली. आत जर्मन सूर. सूर म्हणजे पितळेच्या बारक्या जिभा, वारा लागला की थरथरतात आणि वाजतात. एकेका पट्टीला दोन दोन, म्हणजे सत्तरच्या वर जिभा. त्या जर्मन सुरांचा गोडवा दुसऱ्या कशाला नाही, आणि लढाई चालू असताना जर्मनीहून सूर कोण पाठवणार? आता यातली गोम ऐका. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. मी ठरवलं, सगळीच्या सगळी पेटी अर्धा सूर चढवायची. म्हणजे बोट पडेल पांढरी पाचवर आणि वाजेल काळी चार. कॉलेजच्या पेटीला हात लावता येत नव्हता, तिला प्रोफेसरांचा स्वरकाटा होता. कुसुमला ती पेटी, हौसाला माझी.

चार दुपारी मी कानस घेऊन बसलो. जिभेखाली ब्लेडचं पातं सरकवायचं, दोन घासे मारायचे, फुंकायचं, ऐकायचं, पुन्हा दोन घासे. कंपनीच्या भरलेल्या नाटकघरात मी या सुरांवर किती गायकांना साथ केली होती! ते सोन्यासारखं पितळ भुशासारखं धोतरावर पडत होतं आणि मी रडत होतो. खोटं कशाला सांगू? बायको म्हणाली, “वेड लागलंय का तुम्हाला?” तीन जिभा मोडल्या. बाकीच्यांचा आवाज बारीक झाला, पण चढला.

संमेलनाची संध्याकाळ. मांडव गच्च. पहिल्या रांगेत मध्यभागी मुंबईचे पाहुणे, त्यांच्या उजव्या हाताला प्रिन्सिपॉल, आणि कडेच्या खुर्चीत जमादार. त्यानं नवा चष्मा केला होता. काच कुठून पैदा केली देव जाणे. हौसा आली, नमस्कार करून बसली. तिला मी काहीही सांगितलं नव्हतं. तिनं बिचारीनं खालच्या सुराची तयारी करून घशाची समजूत घातली होती. मी पांढरी पाचवर बोट ठेवलं आणि भाता मारला. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आणि मग ती जी सुटली! अशी गायली, की मला साथ करायचं भान राहीना. दोनदा माझं बोट चुकलं, पण ते कुणाला ऐकू आलं नाही.

टाळ्या थांबेनात. पाहुणे भाषणाला उठले. गाणं चालू असताना ते डोळे मिटून होते, घोरत होते का डोलत होते हे सांगता येणार नाही. पट्टी त्यांना प्रिन्सिपॉलांनी आधीच सांगून ठेवली होती. ते म्हणाले, “पांढरी पाच या पट्टीचा हाच तर विशेष. किती निर्मळ, किती सात्त्विक स्वर! काळ्या पट्ट्यांत हा स्वच्छपणा येत नाही.” प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझ्याकडं वळून डोळे मिचकावले. सांगत नव्हतो? असा त्याचा अर्थ. मी हात जोडले. काय करणार?

पडद्यामागं मी पेटी बंद करत होतो तेव्हा जमादार आला. मी मनातून चरकलो.

“मास्तर, खरं बोलायचं. ह्यो सूर त्या दिशी हापिसात लावला त्योच. अर्धा बी हालला न्हाई.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“जमादार म्हागनं झालो. भरती झालो तवा बिगुलर हुतो. सा वर्सं बिगुल फुकलाय. सूर चुकला तर अख्खी पलटण चुकीच्या बाजूला पळंल, आवं! मला कान हाय.” तो पेटीजवळ बसला. “बोट पांढऱ्यावर आन् सूर काळीचा. कसं केलं ह्ये?”

मी सांगितलं. कानस, जिभा, चार दुपार, मोडलेल्या तीन. त्यानं पेटीवरून हात फिरवला.

“पयल्यासारखी हुईल पेटी?”

“नाही.”

त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. “माझ्या हट्टापायी तुमी चांगली पेटी खोटी केली, मास्तर. सूर त्योच हुता तर रंगाचं मी काय घिऊन बसलो हुतो? त्या चावडीवर हसनाऱ्यांच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा प्रिन्सिपॉलांच्या खोलीत. या खेपेला ट्रंक नव्हती. म्हणाला, मला दुसरं पत्र पाहिजे, शिक्क्याचं. प्रिन्सिपॉलांना वाटलं, याला कुसुमसारखं पांढरीचं हवंय. त्यांनी तात्यांना तसं सांगितलंसुद्धा. “न्हाई,” जमादार म्हणाला. “काळी चार लिवा. रंग न्हाई, पट्टी लिवा. मास्तर सांगतील तसं.” तात्यांनी माझ्या सांगण्यावरून ‘पट्टी’ हा शब्द लिहिला, तेव्हा त्यांचा हात जड झाला होता. ‘आपली कन्या कु. हौसा ही काळी चार पट्टीत उत्तम गायली.’ प्रिन्सिपॉलांनी याही वेळी न वाचता सही केली, हे बरं झालं.

पेटीची गोष्ट मी प्रिन्सिपॉलांना कधीच सांगितली नाही. तो हुकूम कधी मागं घेतला गेला नाही, आणि मीही ‘साहेब, तो चुकीचा आहे’ असं म्हणायला गेलो नाही. त्याची टोचणी अजून आहे. पुढच्या वर्षांत किती मुलींना मी खुशाल अर्धा सूर इकडं तिकडं गायला लावलं असेल! एकीसाठी पेटी घासली, सगळ्यांसाठी तोंड उघडलं नाही. हौसा मात्र बी. ए. झाली, साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला लागली. माझी पेटी अजून माझ्यापाशी आहे. अर्धा सूर चढी. नवा वाजवणारा आला की गोंधळतो, आणि मी त्याला काही सांगत नाही.

त्या दुसऱ्या पत्राचं काय झालं, ते मला हौसानं सांगितलं. पहिलं पत्र ज्या चावडीवर वाचलं, तिथंच जमादार गेला. नवा चष्मा खिशात असूनही तो घातला नाही. शाळामास्तरांना बोलावलं, भरल्या चावडीत पत्र वाचायला लावलं. एकदा झालं, म्हणाला, “पुन्ना.” दुसऱ्या खेपेला मागून कुणीतरी परत फिदीफिदी हसलं. जमादार टाचा जुळवून उभा राहिला, पत्र मास्तरांच्या हातातून घेतलं आणि हसणाऱ्याच्या नाकापुढं धरलं.

“हसतोस काय रं? हाय का तुझ्या घरात कोन काळी चार?”